लंजिंगमध्ये घोडा सारखा आत येतोय? चाबूक बदलण्याआधी हे तपासा

‘पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली?’ या कोड्याचं उत्तर शाळेतलं पोरही देतं: फिरवलं नाही म्हणून. फिरवता फिरवताही घोडा अडतो, हे मात्र कोडं रचणाऱ्यानं सांगितलं नाही.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि त्यानंतर महिनाभरात माझा फोन वाजायला लागतो. यात्रेतून नवा घोडा आणलेला असतो, मालकानं लंजिंग सुरू केलेलं असतं, आणि तक्रार जवळपास शब्दाला शब्द तीच असते: “डावीकडून झकास फिरतो. उजवीकडून पाठवला की दोन फेऱ्यांत माझ्या अंगावर येतो.” पुढचा प्रश्नही ठरलेला: “चाबूक कुठला घेऊ?”

चाबूक नंतर बघू.

नवख्यांसाठी एवढंच, की लंजिंग म्हणजे लांब दोरीच्या टोकाला घोडा ठेवून त्याला आपल्याभोवती वर्तुळात चालवणं. आपल्याकडे जुनी माणसं याला घोडा फेरणं म्हणतात. डाव्या फेरीत घोड्याची डावी बाजू तुमच्याकडे असते, दोरी डाव्या हातात आणि चाबूक उजव्या. उजव्या फेरीत सगळं उलट. हे ‘सगळं उलट’ पुढं बऱ्याचदा येणार आहे.

लक्षणं

दोष एकच असला तरी तो वेगवेगळ्या रूपात दिसतो. तुमच्याकडे यातलं काय घडतंय ते आधी नीट बघा, कारण पुढचा तपास त्यावर ठरतो.

– दोरी मधेच सैल पडते, जमिनीवर लोळते, तुम्ही ती गोळा करत बसता.
– वर्तुळाचं अंडं होतं. एका ठरावीक जागी घोडा आत घुसतो, समोरच्या बाजूला बाहेर ओढतो.
– घोडा आतल्या खांद्यावर कलतो, तोंड मात्र बाहेर वळलेलं असतं. वळणावर मोटारसायकल कलते तसा.
– थांबतो, तुमच्याकडे तोंड करतो, आणि संधी मिळाली की गर्रकन दिशा बदलून डावीकडून पळू लागतो.
– चाबूक उचलला की पुढं जाण्याऐवजी जागच्या जागी पाय आपटतो किंवा पुढून उठतो, म्हणजे मागच्या पायांवर उभा राहतो.

पहिला प्रश्न असा: हे पहिल्या दिवसापासून आहे, की परवापर्यंत नीट फिरणारा घोडा अचानक असं करायला लागला? अचानक असेल तर मधलं सगळं सोडा आणि शेवटच्या तपासणीवर जा. घोडा एका रात्रीत आडमुठा होत नाही. कुठंतरी दुखत असतं.

फुकटातली तपासणी: तुम्ही कुठे उभे आहात

मोबाइल भिंतीवर टेकवून स्वतःचं पाच मिनिटांचं चित्रण करा. घोड्याकडे बघू नका, स्वतःच्या पायांकडे बघा.

तुमची जागा घोड्याच्या तंगाच्या (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याच्या) रेषेत, किंवा त्याहून थोडी मागं. दोरी ही एक बाजू, चाबूक दुसरी आणि घोडा तिसरी, असा त्रिकोण दिसला पाहिजे. तुम्ही खांद्याच्या पुढं सरकलात की घोड्याच्या दृष्टीनं त्याचा रस्ता अडवलात. तो थांबतो किंवा आत वळतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तुम्हीच त्याला थांब म्हणालात.

उजव्या फेरीतच हे का होतं? आपल्यापैकी बहुतेक उजवे. उजव्या फेरीत चाबूक डाव्या हातात जातो, तो हात लुळा पडतो, टोक मागं जमिनीकडे झुकतं. मग घोडा चालावा म्हणून माणूस दोरीनंच ओढत पुढं चालू लागतो आणि नकळत खांद्यापुढं जातो. चित्रणात हे पाहून ओशाळलेले कितीतरी मालक मी पाहिलेत. मीही त्यातलाच.

दुसरी चूक जास्त महाग पडते. घोडा आत आला, दोरी सैल झाली, की माणूस दोरी ताणलेली राहावी म्हणून मागं सरकतो. घोड्यानं त्यातून काय शिकावं? मी आत आलो की हा माणूस हटतो. आठवडाभर असं झालं की घोडा तुम्हाला फिरवतोय, तुम्ही त्याला नाही.

उपाय: मागं एकही पाऊल नाही. घोडा आत कलायला लागला, अजून आला नाही, तेव्हाच त्याच्या खांद्याच्या दिशेनं एक ठाम पाऊल टाका, चाबकाचं टोक पुठ्ठ्यावरून (घोड्याच्या ढुंगणावरून) खांद्याकडे आणा आणि दोरीतून एक लाट त्याच्याकडे सोडा. तो जरासा जरी बाहेर गेला, त्याच क्षणी चाबूक खाली. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. तुम्ही चाबूक खाली आणायला तीन सेकंद उशीर केलात, तर त्या तीन सेकंदांत तो जे करत होता तेच बरोबर होतं असं तो समजतो.

एवढ्यानंच माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून अधिक तक्रारी मिटल्यात. म्हणून हे आधी.

जागा आणि वर्तुळ

घोडा दरवेळी एकाच जागी आत घुसतो का? मग त्या जागी काय आहे ते बघा. फाटक, पागा, दुसरी घोडी, कडब्याची गंजी, वाऱ्यानं फडफडणारी ताडपत्री. पहिल्या चारांकडे तो ओढला जातो, ताडपत्रीपासून पळतो. वर्तुळ दहा पावलं सरकवा आणि दोष सरकतो का पाहा. दोषही जागा बदलत असेल तर घोडा निर्दोष आहे.

उतार असेल तर घोडा खालच्या बाजूला कलतो, हेही तसंच. आणि जमीन! काळ्या रानात पावसाळ्यानंतर चिखल, उन्हाळ्यात भेगा. दोन्हीत लंजिंग नको. कडक मुरूम चालण्यापुरता ठीक, दुडकीला नाही, आतल्या पुढच्या पायाला धक्का बसतो. पोयट्याची किंवा वाळू टाकलेली, घट्ट पण किंचित दबणारी जमीन सगळ्यात बरी.

वर्तुळ किती मोठं? दोरी साधारण ७ ते ८ मीटरची असते. एका जागी उभं राहिलात तर १४ ते १६ मीटर व्यासाचं वर्तुळ मिळतं. नवख्या घोड्याला तेही अरुंद वाटतं, म्हणून तुम्हीही मध्यात दोन-तीन मीटर त्रिज्येचं छोटं वर्तुळ चाला. घोड्याचं वर्तुळ २० मीटरच्या आसपास जाईल. मैदानावर आखतात तशी फक्की घ्या, मध्ये खुंटी ठोका, सुतळीनं गोल आखा. खर्च वीस-तीस रुपये. रेषा दिसली की अंडं कुठं होतंय ते लगेच कळतं, आणि तुम्ही स्वतः कुठं भरकटताय तेही.

अरुंद वर्तुळ आणि जास्त वेग ही जोडी सगळ्यात वाईट. घोडा तोल सांभाळायला आत कलतो, आणि कलला की आत येतोच. त्यामुळे पहिला आठवडा फक्त चाल. चालीत गोल राहत नसेल तर दुडकीत राहणार नाही.

सामान: डोक्यावर काय आहे आणि दोरी कुठं अडकवली आहे

एका मालकाकडे गेलो होतो. घोडा उजवीकडून फिरताना तोंड बाहेर, खांदा आत, अगदी पुस्तकी दोष. दोन प्रशिक्षक करून झाले होते. मी जवळ गेलो तर दोरीचा हूक मोहरकीच्या (डोक्यावर चढवायच्या, तोंडात सळई नसलेल्या पट्ट्यांच्या) डाव्या कडीत. रोज डाव्या बाजूनं धरायचा म्हणून डावीकडे लावलेला, तो उजव्या फेरीला बदललाच नव्हता. दोरी हनुवटीखालून आडवी जात होती आणि तिचा प्रत्येक ताण घोड्याचं तोंड बाहेर ओढत होता. तोंड बाहेर गेलं की खांदा आत पडणारच. शिवाय उजव्या बाजूचा गालपट्टा डोळ्यात घुसत होता. हूक बदलायला दहा सेकंद लागले.

म्हणून नियम: दिशा बदलली की घोडा थांबवा, जवळ जा, दोरी बदला. आळस केलात तर तो दोष म्हणून परत येतो.

लंजिंगसाठी सगळ्यात चांगलं साधन म्हणजे कॅव्हेसन: जाड नाकपट्टीची मोहरकी, नाकावर मध्यभागी कडी. कडी मध्यात असल्यामुळे दोरी बाजू बदलून लावावी लागत नाही आणि तोंड मोकळं राहतं. नाकपट्टी गालाच्या उभ्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली हवी. फार खाली गेली तर नाकाच्या मऊ भागावर दाब येऊन श्वास अडतो. जबड्याचा पट्टा एवढा घट्ट की बाहेरचा गालपट्टा डोळ्याकडे सरकणार नाही. मारवाडी-काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले आणि टोकाला एकमेकांना भिडणारे, तेव्हा डोक्यावरचा पट्टा कानांच्या मुळाशी काचत नाही ना, तेही बघा. कान काचला तरी घोडा डोकं वाकडं धरतो.

कॅव्हेसन नसेल तर नीट बसणारी मोहरकी चालेल. लगामाच्या एकाच कडीत दोरी अडकवणं मात्र नको. ताण आला की तोंडातली सळई आत ओढली जाते आणि बाहेरची कडी ओठात रुतते. लग्नाच्या वरातीतून आलेल्या काही घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम असतो, तो तर त्याच दिवशी काढून टाका. ओढकाम आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांतही काटेरी लगामाला मनाई आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी, ज्याच्या तोंडात काटे आहेत तो दोरीचा ताण सहन करेल कसा? ताण टाळायचा सोपा मार्ग म्हणजे तुमच्याजवळ येणं. तो आत येतो कारण आत आल्यावर दुखत नाही.

दोरी सुती निवारीची, चपटी. नायलॉनची नको, हातातून सुटली तर तळवा सोलून निघतो. हातमोजे घाला. दोरी हातात इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखी घड्या घालून धरा. मनगटाभोवती किंवा बोटांभोवती वेढा कधीही नाही, एकदाही नाही. उधळलेला घोडा माणसाला फरफटत नेतो तो त्या वेढ्यामुळे. डोक्यावर हेल्मेट, पायात बंद बूट.

साइड रेनबद्दल, म्हणजे लगामापासून तंगापर्यंत दोन्ही बाजूंनी बांधायच्या पट्ट्यांबद्दल, लोक हमखास विचारतात. आत येणाऱ्या घोड्याला साइड रेन लावू नका. मान बांधली जाते, खांदा तसाच आत पडत राहतो, आणि बांधलेला घोडा घाबरून उठला तर मागं उलथू शकतो. खोगीर असेल तर रिकिबी वर बांधा. पोटावर आपटणाऱ्या रिकिबीमुळे पळणारा घोडा मी बेशिस्त म्हणून विकला गेलेला पाहिलाय.

चाबकाची भाषा

आता चाबूक. लंजिंगचा चाबूक मारायला नसतो, तो तुमचा लांब केलेला हात असतो. टोक पुठ्ठ्यामागं म्हणजे पुढं चल, खांद्याकडे म्हणजे बाहेर राहा, समोर खाली म्हणजे हळू. बांबूच्या हलक्या काठीला सुतळी बांधली तरी काम होतं.

यात्रेतल्या घोड्याची गोष्ट मात्र वेगळी. त्यातल्या बऱ्याच घोड्यांना नाचकाम शिकवलेलं असतं, आणि त्यात काठी वर जाणं ही जागेवर पाय उचलायची किंवा पुढून उठायची खूण असते. तुम्ही ‘पुढं चल’ म्हणून काठी उचलता, तो ढोल वाजल्यासारखा नाचायला लागतो. मालकाला वाटतं अडला. तो बिचारा शिकवलेलंच करून दाखवतोय!

याला इलाज आहे, फक्त वेळ लागतो. आठ-दहा दिवस काठी गुडघ्याच्या वर न्यायचीच नाही. जमिनीलगत, मागच्या पायांच्या मागून हलवायची आणि त्यासोबत एकच शब्द, ‘चल’ किंवा तुमचा जो असेल तो. नाचला तर काठी खाली, गप्प उभे राहा. एक पाऊल पुढं टाकलं की शाबासकी. जुनी खूण पुसत नाही, तिच्या शेजारी नवी उभी करावी लागते.

उजवी बाजू शिकवलीच नसेल तर

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरी घोडा फक्त उजवीकडूनच आत येत असेल, तर पागेतला दिनक्रम आठवा. खरारा डावीकडून सुरू, खोगीर डावीकडून, चढायचं डावीकडून, पाण्यावर न्यायचं डावीकडून. उजव्या डोळ्याला माणूस जवळ दिसण्याची सवयच नाही. अशा घोड्याला तुम्ही एकदम सात मीटर लांब उभं राहून उजवीकडून चल म्हणता. तो तुम्हाला ओळखीच्या डोळ्यात घ्यायला वळतो.

दोन आठवडे लंजिंग बंद. मोतद्दाराला सांगून खरारा, दाणा, पाण्यावर नेणं, सगळं उजवीकडून. रोज पाच-दहा मिनिटं मोहरकीला धरून उजव्या बाजूनं चालायचं, मध्येच थांबून बोटांनी खांद्यावर हलका दाब द्यायचा. खांदा एक पाऊल सरकला की दाब सोडायचा. बोटांच्या दाबानं जवळून खांदा सरकत नाही, तो लांबून चाबकाच्या टोकानं काय सरकणार? हे जमलं की दोरी एक मीटर, मग दोन, मग चार.

पहिल्या दिवसांत एक माहीतगार मदतनीस घोड्याच्या बाहेरच्या बाजूनं मोहरकी धरून चालला तर काम लवकर होतं. बोलायचं मात्र मध्यातल्या माणसानंच. दोघं बोलायला लागले की घोडा तिसरंच ऐकतो.

एकूण वेळ १५ ते २० मिनिटं, दोन्ही बाजू धरून. सतत वर्तुळात पळणं सांध्यांना जड जातं. दोन वर्षांच्या शिंगराला रोज गोल पळवणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, नुसता निघून येतो.

शरीर: इथं आपलं ज्ञान संपतं

थोडं तुम्ही बघू शकता. चारही खूर उचलून साफ करा: खडा, खिळ्याचं भोक, घाण वास. एक खूर इतरांपेक्षा गरम लागतोय का? नाल किती जुना? पाच-सहा आठवडे उलटले असतील तर आधी नालबंद. पाठीवरून दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या, कुठं अंग चोरतो ते पाहा.

मग सरळ रेषेत, कडक जमिनीवर दुडकीत चालवून बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. वर्तुळात, त्यातही कडक जमिनीवर, आतल्या पायाचं दुखणं जास्त उघड होतं. उजवीकडूनच डोकं हलत असेल तर हा शिस्तीचा प्रश्न नव्हता.

डोळे तपासायला मी फार उशिरा शिकलो. एक नुकरा (पांढरा घोडा) महिनाभर उजव्या फेरीत तोंड बाहेर काढून आत येत होता. मी वरचं सगळं करून थकलो. शेवटी डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावर प्रकाश टाकला. मोतीबिंदू. बाहेरची बाजू त्याला दिसतच नव्हती, म्हणून तो तोंड तिकडं वळवून चांगल्या डोळ्यानं बघू पाहायचा आणि न दिसणाऱ्या बाजूपासून आत सरकायचा. आतला डोळा अधू असेल तर उलटं होतं: चाबूक दिसत नाही, घोडा दचकतो किंवा तुम्हाला शोधायला थांबून वळतो. डोळ्यासमोर अचानक बोट न्या, वारा लागणार नाही इतक्या अंतरावरून. पापणी मिटली नाही तर डॉक्टर. दात आणि दाढांच्या धारेचं कामही त्यांचंच. घोड्याच्या तोंडात हात घालून धाडस करू नका.

लंजिंग तिथंच थांबवून पशुवैद्यकाला बोलवायची वेळ: डोकं हलवत लंगडणं, पायाला सूज किंवा गरमी, दोष अचानक सुरू होणं, डोळ्यातून पाणी किंवा उजेडात डोळा मिटणं. आणि काम करताना पुठ्ठे दगडासारखे कडक होऊन घोडा हलेनासा झाला, घाम फुटला, लघवी गडद तपकिरी आली, तर त्याला पागेपर्यंतही चालवू नका. जागेवर उभा ठेवा आणि फोन करा.

अनुभवी प्रशिक्षकाला बोलवायची वेळ: घोडा कान मागं टाकून तुमच्यावर येतो, पुढच्या पायानं मारतो, किंवा वळून लाथ तुमच्या दिशेनं टाकतो. आत कलणं वेगळं, अंगावर येणं वेगळं. अंगावर येण्याचा इलाज वाचून करायचा नसतो.

डॉक्टर यायच्या आधी एक काम करून ठेवा. दोन्ही बाजूंनी, एकदा मऊ आणि एकदा कडक जमिनीवर, दुडकीत दोन-दोन फेऱ्यांचं चित्रण. लंगडणं स्पष्ट दिसत असेल तर तेवढंही नको, चालीतलं पुरे. मोबाइल आडवा धरा, चारही खूर चौकटीत हवेत. मला येतात त्या चित्रणांत बहुधा घोड्याचं तोंड आणि मालकाचा टीशर्ट एवढंच असतं.